पॅड संपले, डिस्क राहिली : एका हॅचबॅकच्या पुढच्या ब्रेकचा निर्णय

या प्रकरणातील गाडी २०१८ साली घेतलेली, पेट्रोलवर चालणारी छोटी हॅचबॅक आहे. तिला पुढे डिस्क ब्रेक आणि मागे ड्रम ब्रेक आहेत. डिस्क म्हणजे चाकाबरोबर फिरणारी लोखंडी तबकडी, आणि पॅड म्हणजे ब्रेक दाबल्यावर तिला दोन्ही बाजूंनी चिमटीत धरणारे घर्षणाचे तुकडे. गाडीच्या मालक शिक्षिका असून नागपुरातल्या मानेवाड्याहून कळमेश्वरला रोज जाऊन-येऊन करतात. म्हणजे अर्धा रस्ता शहरातल्या सिग्नलांचा आणि अर्धा काटोल रोडचा, ज्याच्या कडेची काळी माती पावसाळ्यात चाकांच्या आतपर्यंत पोहोचते. वर्षातून दोन-तीन वेळा त्या समृद्धी महामार्गाने शिर्डीकडे जातात. गाडी आमच्या कार्यशाळेत आली तेव्हा मीटरवर ६४,००० किलोमीटर झाले होते. तक्रार एकच होती : ताशी ऐंशीच्या वर वेग असताना ब्रेक दाबला की स्टिअरिंग थरथरते आणि पायाखाली पेडल धडधडते, शहरात मात्र काहीच जाणवत नाही.

आमच्याकडे येण्यापूर्वी त्यांनी दोन ठिकाणी गाडी दाखवली होती, आणि दोन्हीकडून अगदी विरुद्ध सल्ला मिळाला होता. पहिल्या ठिकाणी पॅड आणि दोन्ही डिस्क बदलाव्या लागतील असे सांगून तसे एस्टिमेट हातात दिले गेले. कारणापुढे ‘डिस्क खराब’ एवढेच लिहिले होते. दुसऱ्या ठिकाणच्या मिस्त्रींनी त्यांच्यासमोर व्हर्नियर (दोन जबड्यांमध्ये वस्तू धरून जाडी मोजायची पट्टी) लावून डिस्कची जाडी बावीस मिलिमीटर भरते हे दाखवले, डिस्क नव्यासारखी आहे असे सांगितले आणि पॉलिश पेपरने घासून नवे पॅड बसवून देण्याची तयारी दाखवली. “भाऊ, एक जण म्हणतो फेका, एक जण म्हणतो नवीच आहे. दोघंही खोटं बोलत असतील असं मला वाटत नाही, मग नेमकं समजायचं काय?” हा त्यांचा प्रश्न होता. तो अतिशय योग्य प्रश्न होता, कारण तपासणीअंती दोघेही प्रामाणिक असल्याचे दिसले. एकाने डिस्कची आतली बाजू पाहिली पण मापली नाही. दुसऱ्याने माप घेतले, पण चुकीच्या जागी.

थरथर नेमकी कुठून येते, हे आधी ठरवणे आवश्यक होते. एबीएस (जोराच्या ब्रेकला चाके जाम होऊ न देणारी यंत्रणा) असलेल्या गाडीत निसरड्या रस्त्यावर जोरात ब्रेक दाबल्यास पेडल पायाला उलटे ठोके देते. ते त्या यंत्रणेचे नेहमीचे काम आहे. इथे मात्र कोरड्या रस्त्यावर हलका ब्रेक दाबला तरी थरथर होत होती आणि वेग उतरेल तसतशी तिची गती मंदावत होती. ताशी ११० किलोमीटरला या आकाराचे चाक सेकंदाला सोळा-सतरा फेरे घेते. चाकाच्या फेऱ्यांबरोबर वाढणारी आणि घटणारी थरथर म्हणजे फिरणाऱ्या भागातच काहीतरी असमान आहे. ब्रेक न दाबता त्याच वेगाने गाडी स्थिर चालत होती, म्हणून चाकांचे बॅलन्सिंग संशयातून बाहेर गेले. स्टिअरिंग हलते म्हणजे दोष पुढच्या चाकांत, हेही बऱ्याच अंशी स्पष्ट झाले. मागचे ड्रम उघडून पाहिले. लायनर (ड्रमच्या आत घासले जाणारे घर्षणाचे अस्तर) पुरेसे होते, सिलिंडरला गळती नव्हती. त्यांच्याविषयी अधिक लिहिण्यासारखे काही नाही.

पुढची चाके काढली. अलॉय व्हीलच्या फटींतून डिस्कची जी बाहेरची बाजू रोज दिसते, ती दोन्हीकडे चकचकीत आणि सपाट होती. डाव्या कॅलिपरमधील (पॅड धरून डिस्कवर दाबणाऱ्या भागातील) पॅडवर घर्षणाचा थर आत ४ आणि बाहेर साडेतीन मिलिमीटर उरला होता, म्हणजे झीज जवळपास सारखी होती. उजवीकडचे चित्र वेगळे होते : बाहेरच्या पॅडवर साडेचार मिलिमीटर थर शिल्लक आणि आतल्या पॅडवर जेमतेम दोन. नव्या पॅडवर हा थर साधारण दहा-अकरा मिलिमीटर असतो आणि दोन-तीन मिलिमीटर उरला की पॅड बदलायचा असतो. एकाच कॅलिपरमधल्या दोन पॅडमध्ये एवढा फरक असणे ही गोष्ट पॅड संपल्याची नाही, कॅलिपर अडकल्याची आहे.

या प्रकारच्या कॅलिपरमध्ये पिस्टन एकाच बाजूला, आतल्या बाजूला असतो. पिस्टन आतला पॅड डिस्कवर दाबतो आणि त्याच दाबाच्या प्रतिक्रियेने संपूर्ण कॅलिपर दोन स्लाइड पिनांवर सरकून बाहेरचा पॅड दुसऱ्या बाजूने डिस्कवर ओढून घेतो. पिना मोकळ्या सरकल्या तरच दोन्ही पॅडना सारखे काम मिळते. उजव्या कॅलिपरच्या खालच्या पिनेचे रबरी बूट (माती-पाणी आत जाऊ न देणारे टोपण) फाटलेले निघाले. पिन बाहेर ओढायला पान्याने फिरवत फिरवत जोर लावावा लागला. तिच्यावरचे ग्रीस केव्हाच वाहून गेले होते, त्या जागी वाळलेल्या काळ्या मातीचा घट्ट थर आणि त्याखाली तांबूस गंज होता. वरची पिन मात्र बोटाने सरकत होती. एक पिन मोकळी आणि एक जाम, म्हणजे कॅलिपर सरळ सरकण्याऐवजी तिरपा ओढला जात होता, आणि ब्रेकचे बरेचसे काम एकट्या आतल्या पॅडवर येत होते.

त्याचा परिणाम डिस्कवर उमटलेला होता. उजव्या डिस्कच्या आतल्या पृष्ठभागावर, बाहेरून कधीच न दिसणाऱ्या बाजूला, ग्रामोफोनच्या तबकडीसारखे गोल चरे पडले होते. त्यातले दोन चरे नख आडवे ओढताना अडेल इतके खोल होते. टॉर्च आणि छोटा आरसा असल्याशिवाय, किंवा कॅलिपर सोडवून बाजूला केल्याशिवाय ही बाजू दिसत नाही. पहिल्या कार्यशाळेने ‘खराब’ म्हटले ते हे पाहून, आणि त्यांच्या नजरेला मी दोष देणार नाही. परंतु चरे दिसले म्हणून डिस्क फेकावीच लागते असे नाही. उथळ चरे असलेली, पण पुरेशी जाडी आणि सारखी झीज असलेली डिस्क नव्या पॅडसोबत उत्तम काम करते. सुरुवातीच्या काही शे किलोमीटरमध्ये पॅड त्या चऱ्यांच्या आकारात बसून जातो. म्हणून चरे पाहून थांबता येत नाही, जाडी मोजावी लागते.

डिस्क मोजताना कडेचे भान ठेवावे लागते. पॅड डिस्कच्या अगदी बाहेरच्या काठापर्यंत पोहोचत नाही. तिथे एक-दोन मिलिमीटर रुंदीची पट्टी न झिजता तशीच राहते आणि वर गंज चढून तिचा कंगोरा तयार होतो. साध्या व्हर्नियरचे जबडे सरळ असल्यामुळे ते या दोन्ही बाजूंच्या कंगोऱ्यांवर टेकतात आणि पॅड जिथे प्रत्यक्ष घासला जातो तिथल्या खोलगट भागापर्यंत पोहोचतच नाहीत. आम्ही मुद्दाम तसेच माप घेऊन पाहिले : २२.१ मिलिमीटर. या डिस्कची नवी असतानाची जाडी २२ मिलिमीटर आहे. ६४,००० किलोमीटर चाललेली डिस्क नव्या डिस्कपेक्षा जाड भरते याचा अर्थ एवढाच की व्हर्नियर गंज मोजत आहे. दुसऱ्या मिस्त्रींनी दाखवलेले बावीस ते हेच. खरे माप घ्यायला मायक्रोमीटर (अरुंद टोकांचे, अधिक सूक्ष्म जाडी मोजणारे साधन) लागतो. तो नसेल तर सोपी सोय आहे : दोन सारखे सपाट वॉशर घ्यावेत, दोन्ही मिळून त्यांची जाडी मोजून ठेवावी, मग डिस्कच्या घासलेल्या भागावर दोन्ही बाजूंनी एकेक वॉशर धरून वरून व्हर्नियर लावावे आणि आलेल्या मापातून वॉशरची जाडी वजा करावी. जबडे कंगोऱ्यापासून वर उचलले जातात आणि खरे माप मिळते.

आम्ही मायक्रोमीटरने प्रत्येक डिस्कवर, काठापासून सुमारे दहा मिलिमीटर आत, वर्तुळावर आठ ठिकाणी माप घेतले. डावी डिस्क सर्वत्र २०.६२ ते २०.६३ मिलिमीटर भरली. उजवी २०.४१ ते २०.४६. उजवीकडे खोल चऱ्यांच्या तळाशी टोकदार मायक्रोमीटर लावला तेव्हा २०.१५ मिळाले, कारण सपाट टोकाचा मायक्रोमीटर चऱ्याच्या माथ्यावर टेकतो आणि तळ सोडून देतो. डिस्कच्या मधल्या टोपीसारख्या भागावर, गंज तारेच्या ब्रशने काढल्यावर, ओतीव अक्षरांत किमान जाडी दिसली : २० मिलिमीटर. हा आकडा बहुतेक डिस्कवर टोपीवर किंवा काठावर असतोच. ग्राहकाला तो दाखवणे हे मी प्रत्येक कार्यशाळेचे कर्तव्य मानतो, कारण त्यानंतर वाद कार्यशाळेच्या मताचा राहत नाही.

थरथरीचे उत्तर या मापांतच मिळाले. उजव्या डिस्कच्या जाड आणि पातळ जागांमधला फरक ०.०५ मिलिमीटर आहे, साधारण ०.०२ च्या पुढे हा फरक गेला की वेगात असताना तो पायाला जाणवू लागतो. जाड जागा पॅडमधून जाताना पिस्टन किंचित मागे ढकलला जातो, पातळ जागेला पुढे येतो, आणि ब्रेक ऑइलच्या दाबातले हे चढउतार थेट पेडलपर्यंत पोहोचतात. ‘डिस्क वाकडी झाली’ असे आपल्याकडे सर्रास म्हटले जाते, पण बहुतेक वेळा डिस्क वाकलेली नसते, तिची जाडी असमान झालेली असते. ही असमानता कशी आली तेही शोधले. डायल गेज (फिरत्या भागाचा किंचितसा डोलही दाखवणारे काट्याचे माप) लावून चाक फिरवले असता उजव्या डिस्कचा काठ ०.१२ मिलिमीटर आत-बाहेर डोलत होता. डिस्क काढली तेव्हा हबवर, म्हणजे डिस्क आणि चाक ज्या फिरत्या भागावर बसतात त्याच्यावर, डिस्क टेकते त्या जागी गंजाचे पापुद्रे उठलेले होते. ते घासून साफ केल्यावर तीच जुनी डिस्क तिथेच बसवली तर डोल ०.०५ वर आला. ब्रेक दाबलेला नसतानाही डोलणारी डिस्क दर फेऱ्याला एकाच जागी पॅडला चाटून जाते, आणि हजारो किलोमीटरमध्ये ती जागा वेगळी झिजते. ३४,००० किलोमीटरला पॅड एकदा बदलल्याची नोंद सर्व्हिस बुकात आहे. डिस्कच्या मापाची किंवा हब साफ केल्याची नोंद मात्र नाही.

आता मुख्य निर्णय. आजच्या मापांकडे पाहिले तर दोन्ही डिस्क किमान जाडीच्या वर आहेत. उजवी चऱ्याच्या तळाशीसुद्धा २०.१५ आहे. मग नियमाने डिस्क चालेल, पॅड बदलून गाडी सोडून द्यावी, असे म्हणता येईल आणि अनेक ठिकाणी तेच म्हटले जाते. माझे मत असे आहे की हा प्रश्नच चुकीच्या दिवसाचा आहे. आज डिस्क पुरेशी जाड आहे की नाही याला फारसे महत्त्व नाही. आज बसवलेले पॅड ज्या दिवशी संपतील त्या दिवशी ती पुरेशी जाड असेल का, हे विचारायला हवे. पॅड बसवताना डिस्कचे माप कोणीतरी घेतो. पॅड निम्मे झिजलेले असताना मध्येच माप घ्यायला सहसा कोणी येत नाही. त्यामुळे आजचा होकार हा प्रत्यक्षात पुढच्या तीस हजार किलोमीटरसाठी दिलेला होकार असतो.

हिशेब सोपा आहे आणि तो गाडीच्या स्वतःच्या झिजेवरून करता येतो. डावी डिस्क २२ वरून २०.६२ वर आली, म्हणजे ६४,००० किलोमीटरमध्ये १.३८ मिलिमीटर झिजली. दर हजार किलोमीटरला सुमारे ०.०२२. उजवीची झीज अडकलेल्या पिनेमुळे वाढलेली असल्याने भविष्याच्या अंदाजासाठी निरोगी डाव्या बाजूचाच दर धरणे न्याय्य आहे. आता संपलेले पॅड तीस हजार किलोमीटर टिकले, नवेही तितकेच टिकतील असे धरले, तर त्या काळात ०.६५ मिलिमीटर झीज होईल. डावी डिस्क तेव्हा १९.९७ वर असेल, म्हणजे अगदी मर्यादेच्या रेषेवर. उजवी, चऱ्यांचा विचार बाजूला ठेवला तरी, १९.७६ वर असेल. ती मर्यादा ओलांडेल तेव्हा नवे पॅड साधारण एक तृतीयांश शिल्लक असतील. चऱ्याच्या तळाचे माप धरले तर सात हजार किलोमीटरमध्येच, म्हणजे त्यांच्या वापराने वर्षभराच्या आतच.

पातळ डिस्क धोकादायक का, हेही त्यांना समजावून सांगितले, कारण ‘कंपनीने लिहिले आहे म्हणून’ हे उत्तर कोणाचेच समाधान करत नाही. पहिली गोष्ट उष्णतेची. ताशी १२० किलोमीटर ही समृद्धी महामार्गाच्या सपाट भागातली वेगमर्यादा आहे. त्या वेगाने जाणारी, माणसांसह साडेअकराशे किलोची गाडी थांबवायची तर साधारण ६४० किलोजूल ऊर्जा उष्णतेत बदलावी लागते, आणि त्यातला सत्तर टक्क्यांच्या आसपासचा भाग पुढच्या दोन डिस्कवर येतो. या डिस्कचे घासले जाणारे कडे साडेतीन किलोच्या आसपासचे आहे असे धरले, तर हवेने थंड होणे जमेस न धरता एकाच थांबण्यात तिचे तापमान सुमारे १४० अंशांनी चढते. ताशी साठवरून थांबताना हीच वाढ चौथ्या हिश्शाची, पस्तीस अंशांची असते. शहरात सगळे ठीक वाटते आणि महामार्गावर नाही, याचे एक कारण हे. डिस्क दीड-पावणेदोन मिलिमीटर झिजली की त्या कड्यातले जवळजवळ दहावा भाग लोखंड गेलेले असते. तीच उष्णता कमी लोखंडात साठते. मे महिन्यातल्या नागपुरात गाडी सावलीत उभी असली तरी सुरुवातच पंचेचाळीस अंशांच्या आसपास होते. उष्णता पॅडमधून पिस्टनकडे आणि तिथून ब्रेक ऑइलकडे जाते, आणि हवेतली ओल शोषून जुने झालेले डॉट-३ प्रतीचे ब्रेक ऑइल १४० अंशांना उकळू शकते. उकळलेल्या ऑइलमध्ये वाफ होते, वाफ दबते, आणि पेडल खाली जाते पण गाडी थांबत नाही.

दुसरी गोष्ट पिस्टनच्या प्रवासाची आहे आणि तिच्याविषयी फार कमी बोलले जाते. पॅड झिजत जातो तसा पिस्टन सिलिंडरमधून अधिकाधिक बाहेर येत जातो. डिस्कही पातळ असेल तर ते अंतर आणखी वाढते. पातळ डिस्क आणि संपलेले पॅड एकत्र आले तर पिस्टन आपल्या सीलच्या बाहेर येण्याच्या बेतात पोहोचू शकतो. तसे झाल्यास ऑइल सांडते आणि त्या सर्किटचा ब्रेक जातो. किमान जाडी ठरवताना निर्माते हा शेवटचा दिवस डोळ्यांसमोर ठेवतात.

लेथवर डिस्क मारून घेण्याचा, म्हणजे यंत्रावर तिचा वरचा थर कापून ती सपाट करून घेण्याचा पर्याय त्यांनी स्वतःहून विचारला, आणि तो विचारात घेण्याजोगा होता. हिंगणा औद्योगिक वसाहतीत हे काम नीट करून देणारे लोक आहेत. परंतु उजव्या डिस्कच्या आतल्या बाजूचे चरे पूर्ण घालवायला तिथून पाव मिलिमीटरहून अधिक काढावे लागले असते, बाहेरची बाजू समांतर करायला आणखी थोडे. डिस्क बाहेर पडली असती ती २० च्या अगदी काठावर. मजुरीचे पैसे देऊन काही महिन्यांची डिस्क विकत घेण्यासारखे ते झाले असते. हीच डिस्क २१.३ वर असती आणि चरे असेच असते, तर मी लेथचा सल्ला आनंदाने दिला असता. फक्त उजवी बदलून डावी ठेवण्याचाही विचार झाला, कारण डावी तुलनेने बरी होती. तो आम्ही नाकारला. एका बाजूला नवी गुळगुळीत डिस्क आणि दुसऱ्या बाजूला जुनी असली की दोन्हीकडची पकड आणि तापण्याची गती वेगळी राहते, जोरात ब्रेक दाबल्यावर गाडी एका बाजूला ओढते. शिवाय डावीचे आयुष्यही नव्या पॅडबरोबरच संपत होते. एका आक्सलवरच्या, म्हणजे डाव्या-उजव्या चाकांच्या एकाच जोडीच्या, डिस्क जोडीनेच बदलायच्या असतात.

पैशांचा मुद्दा त्यांच्या दृष्टीने लहान नव्हता. पॅडचा सेट सोळाशे रुपये, डिस्कची जोडी साडेचार हजार, मजुरी हजाराच्या घरात. फक्त पॅड बदलले असते तर आज दोन हजार दोनशेत काम भागले असते. पण थरथर गेली नसती, कारण जाडीतली असमानता डिस्कमध्येच आहे आणि पॉलिश पेपर ती काढू शकत नाही. पेपर फक्त वरचा चकाकणारा थर खरवडतो. आणि वर्ष-दीड वर्षात डिस्क बदलताना नवे पॅडही पुन्हा घ्यावे लागले असते, कारण जुन्या चऱ्यांच्या आकारात बसलेले पॅड नव्या सपाट डिस्कला नीट टेकत नाहीत. मी हा हिशेब जॉब कार्डाच्या मागे लिहून त्यांच्यासमोर ठेवला. त्या काही वेळ तो वाचत राहिल्या आणि म्हणाल्या, “म्हणजे पहिल्या गॅरेजवाल्यांचं बरोबरच होतं की.” निष्कर्ष बरोबर होता, हे मी मान्य केले. पण त्यांच्या एस्टिमेटमध्ये स्लाइड पिन नव्हती. हब साफ करणे नव्हते. त्या दोन गोष्टींशिवाय नव्या डिस्क बसवल्या असत्या, तर उजवी डिस्क पुन्हा आतून खाल्ली गेली असती, डोल कायम राहिला असता, आणि काही हजार किलोमीटरनंतर तीच थरथर घेऊन गाडी परत आली असती. तेव्हा दोष नव्या डिस्कला दिला गेला असता. या प्रकरणात मला सर्वांत महत्त्वाची वाटते ती ही दीडशे-दोनशे रुपयांची पिन आणि तिचे रबरी बूट.

काम पुढीलप्रमाणे केले. दोन्ही कॅलिपरच्या चारही पिना काढून साफ केल्या, उजवीकडची गंजलेली पिन आणि फाटलेले बूट बदलले आणि पिनांना सिलिकॉनचे ब्रेक ग्रीस लावले. साधे ग्रीस तिथे चालत नाही, ते रबर फुगवते. दोन्ही पिस्टन हळूहळू आत ढकलून पाहिले, ते अडखळले नाहीत आणि त्यांच्या धूळरोधक रबराला चीर नव्हती, त्यामुळे कॅलिपर उघडण्याची गरज पडली नाही. ब्रेक ऑइल कधी बदलले होते याची नोंद नव्हती, म्हणून तेही बदलले. हब तारेच्या ब्रशने धातू दिसेपर्यंत घासला. पॅडची धूळ हवेच्या पाइपने उडवू दिली नाही, ओल्या फडक्याने पुसली; ही धूळ श्वासात जाणे चांगले नाही, आणि आपल्याकडच्या बऱ्याच कार्यशाळांमध्ये काम करणाऱ्या पोरांच्या तोंडावर फडकेही नसते, याची मला मनापासून खंत वाटते. नव्या डिस्कवर गंज लागू नये म्हणून तेलाचा पातळ थर असतो. तो ब्रेक क्लीनरने पूर्ण पुसला. तो राहिला तर पहिल्याच ब्रेकला पॅडमध्ये जळून बसतो. नवी डिस्क बसवून डायल गेज लावला : उजवीकडे ०.०३, डावीकडे ०.०२. चाकांचे नट आलटून-पालटून, टॉर्क पान्याने (ठरलेल्या जोरानेच आवळणाऱ्या पान्याने) घट्ट केले. एअर गनने वाटेल तसे आवळलेले नट डिस्कला हबवर तिरपे बसवतात, आणि साफ केलेल्या हबचा सगळा फायदा जातो.

डिस्क घेताना घाट रोडवरच्या दुकानात त्यांच्या नात्यातल्या एका मुलाने जोडीमागे आठशे रुपये स्वस्त मिळणारी डिस्क पाहून ठेवली होती. तिच्यावर किमान जाडीचा आकडा नव्हता आणि बनावटीची खूणही नव्हती. ओतीव लोखंडाची प्रत डोळ्यांनी ओळखता येत नाही. ज्याने ती ओतली त्याने निदान आपले नाव आणि मर्यादा तिच्यावर लिहिलेली असावी, एवढी अपेक्षा ब्रेकच्या बाबतीत ठेवायलाच हवी. ती आम्ही बसवली नाही.

गाडी खाली उतरवल्यावर, इंजिन सुरू करण्यापूर्वी, पेडल कडक होईपर्यंत दाबले. पिस्टन मागे ढकललेले असताना पहिले काही दाब रिकामे जातात आणि हे विसरून गाडी मागे घेतली तर ती भिंतीवर जाऊन थांबते. नंतर दुसऱ्या दिवशी सकाळी, रहदारी सुरू होण्यापूर्वी, जामठ्यापुढच्या बाह्य वळण रस्त्यावर नवे पॅड डिस्कवर रुळवून घेतले : ताशी साठवरून वीसपर्यंत मध्यम दाबाने वेग उतरवायचा, पूर्ण थांबायचे नाही, मग थोडे अंतर गाडी तशीच चालवून डिस्क थंड होऊ द्यायची, आणि असे दहा वेळा. पॅडच्या द्रव्याचा एक पातळ, सारखा थर डिस्कवर चढणे हा त्याचा हेतू आहे. गरम डिस्कवर पेडल दाबून उभे राहिले तर तो थर एकाच ठिकाणी चिकटतो आणि थरथर नव्याने सुरू होते. म्हणून पहिले दोनशे-तीनशे किलोमीटर जोराचा ब्रेक गरज नसताना मारू नये असे त्यांना सांगितले.

जुन्या डिस्क त्यांनी मागून घेतल्या. डावी अजून मर्यादेच्या वर असल्याने कोणाला तरी उपयोगी पडेल, असा त्यांचा विचार होता. तिच्यावर आम्ही माप आणि ‘भंगार’ असे दोन्ही रंगाने लिहून दिले आणि ती दुसऱ्या गाडीत बसवू नये अशी विनंती केली, कारण दुसऱ्या गाडीच्या हबवर ती कशी बसेल आणि तिथले पॅड किती दिवस टिकतील, याचा हिशेब या कागदावर नाही.

दोन महिन्यांनी त्या शिर्डीहून परत आल्यावर गाडी घेऊन आल्या. थरथर नव्हती. उजवी बाजू उघडली. पिन बोटाने सरकली, आतला आणि बाहेरचा पॅड सारखा झिजत होता. जॉब कार्डावर दोन्ही नव्या डिस्कची सुरुवातीची जाडी लिहून ठेवली आहे : २१.९८ आणि २१.९९. पावसाळा संपल्यावर, ऑक्टोबरच्या सुमारास, दरवर्षी पिना आणि बूट तपासायचे आणि दर दहा हजार किलोमीटरला त्याच आठ जागी माप घ्यायचे असे ठरले आहे. त्यातून या गाडीचा, पिना मोकळ्या असतानाचा खरा झिजेचा दर मिळेल, आणि पुढच्या वेळी पॅड बदलताना डिस्क राहतील की जातील हे गाडी उचलण्याआधीच सांगता येईल.